घोडी अभनपूरची, बाजा दादाचा

रायपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या काखेत हेल्मेट होतं. हमालानं बॅग उचलली आणि विचारलं, "दीदी, स्कूटर पार्सल से आई है क्या?"

"घोडे पे बैठना है," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा नीट पाहिलं. "हव," (छत्तीसगढीत 'हो') एवढंच म्हणाला आणि चालायला लागला. मला हे शहर तिथंच आवडलं. पुण्यात याच उत्तरावर लोक अर्धा तास सल्ला देतात.

मी घोड्यावर बसायला शिकले ती बँकेतून निवृत्त झाल्यावर. चार वर्षं मजेत गेली. गेल्या वर्षी एका अडथळ्यावरून पडले आणि खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हात बिघडले. अडथळा जवळ आला की ते आपोआप लगाम खेचतात आणि घोडं जागच्या जागी उभं राहतं. आमचे सर स्पष्टच म्हणाले, "मॅडम, घोडा अडत नाही, तुम्ही अडता." शेवटी मुलीला, ऋचाला, मी शब्द दिला: एकच स्पर्धा, तीही जिथं मला कुणी ओळखत नाही अशा गावी. तिथंही हातांनी दगा दिला, तर हेल्मेट माळ्यावर.

कुणी ओळखत नाही म्हणजे दादा सोडून. दादा माझा मावसभाऊ. त्याचं घराणं मराठ्यांच्या राजवटीत इकडे आलं आणि इथलंच झालं. शंकर नगरातल्या त्याच्या घरी पोचले तर वहिनीनं पानात फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके) आणि टोमॅटोची झणझणीत चटणी वाढून ठेवली होती. मी फरा मोजले नाहीत, वहिनीनं मोजू दिले नाहीत.

"तुले घोडी कोणती देऊन राहिले?" तिनं विचारलं.

"चमेली."

वहिनीचा हात वाढता वाढता थांबला. "अगं, मयंक त्याच चमेलीवर बसून गेला होता मांडवात." मयंक म्हणजे तिचा मुलगा. स्पर्धा भरवणाऱ्या क्लबची ही घोडी लग्नसराईत वरातीला जाते म्हणे. "लय गुणाची आहे. बाजावाल्याच्या मागं मागं चालते. पण बाजा एका जागी उभा राहून वाजला की तेही उभी. पोट्टे नाचून राहिले तेलीबांध्याच्या चौकात आणि नवरदेव घोडीवर बसून घामाघूम. मुहूर्त टळता टळता राहिला."

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसताच मी तिला हातांची गोष्ट सांगून टाकली. दादा शेजारीच होता. तो फोन घेऊन अंगणात गेला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, स्पर्धा होती त्या अभनपूरच्या रस्त्याला लागलो. धान कापून झालं होतं. दोन्ही अंगांना खुंटांची सोनेरी शेतं, मधेमधे कमळांनी भरलेले तलाव, आणि बांधांवर शांतपणे चरणाऱ्या गाई. इतकं सपाट आणि इतकं मोकळं आकाश पाहायची आम्हा डोंगराळ मुलखातल्या लोकांना सवय नसते. ऊर आपोआप भरून येतो.

स्पर्धेचं मैदान म्हणजे एका शेतकऱ्याची मोठी पड जमीन. दोर बांधून गोल रिंगण केलेलं, आत रंगवलेल्या बांबूंचे पाच बुटके अडथळे. लोक डबे, सतरंज्या, म्हातारी माणसं, सगळं घेऊन आले होते. कुणीही पडलं तरी टाळ्या आणि पार केलं तरी टाळ्या. माझ्या आधी एक जाडजूड डॉक्टर घोड्यासकट चुकीच्या दिशेनं फिरले, तेव्हा तर लोक उभे राहिले. इतका उदार प्रेक्षकवर्ग मी कुठं पाहिलेला नाही.

चमेली पांढरी, उंच, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. फेरीआधीच्या सरावात मी तिला नुसत्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. अडथळा मुद्दाम घेतला नाही, कारण वाईट बातमी आधी कळायला नको होती.

पन्नाशीपुढच्यांच्या फेरीत माझं नाव पुकारलं. नियम सोपा: घोडं तीनदा अडलं की बाद. घंटा झाली. मी चमेलीला दुडक्या चालीनं पहिल्या अडथळ्याकडे वळवलं आणि त्याच क्षणी दोरापलीकडे मोहरी (इथली सनई) घुमली, डफडी तडतडली. गड़वा बाजा (लग्नकार्यातला इथला वाद्यमेळ) माझ्या नावानं वाजत होता.

चमेली उभी राहिली.

तेव्हा बाजाकडे माझं लक्षच नव्हतं, खरं सांगते. मला फक्त माझे हात दिसले. पुन्हा तेच, असं वाटलं. मी तिला मागे नेलं, परत आणलं. पुन्हा उभी. इतक्या लांब येऊन, इतक्या चांगल्या लोकांसमोर, मी माळ्यावरच जाणार होते.

तेवढ्यात वहिनी साडी खोचून दोरापाशी धावत आली. "सुधा, तुह्या हातानं नाही थांबली ते! बाजा उभा राहून वाजून राहिला ना!" मग ती दादाकडे वळली. "काहून बोलावला हो बाजा?"

"पाहुणी आली एवढ्या दुरून," दादा कसनुसा झाला. "बिना बाजाचं कसं बरं दिसंल? बंद कर रे, भैया."

"बंद नका करू, चालवा," वहिनी ओरडली. "बाजा पुढं गेल्याबिगर ते हलत नाही."

आणि बाजा चालू लागला. दोराच्या कडेकडेनं, मोहरीवाला पुढे, डफडेवाले मागे, आणि त्यांच्याबरोबर सत्तरीचा माझा दादा हात वर करून नाचत. चमेलीनं कान टवकारले आणि निघाली. मला इतकं हसू येत होतं की समोर अडथळा आलाय हे मला तिच्या पाठीनं उसळी घेतली तेव्हा कळलं. खाली आलो तेव्हा मी खोगिरातच होते. पुढचे अडथळे मात्र मी डोळे उघडे ठेवून घेतले. प्रत्येक वेळी हातांकडे पाहिलं. ते आयाळीवर सैल पडले होते, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

पाचवा पार झाला तेव्हा मैदानात वरात पोचल्यासारखा गलका होता. मी चमेलीच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडले.

पंच मिशाळ, निवृत्त फौजी. त्यांनी माइकवर गंभीरपणे सांगितलं, "बाहर की मदद लेना नियम के खिलाफ है. दीदी बाद. लेकिन बारात बहुत अच्छी थी."

निघताना दादा स्टेशनवर आला होता. दोन दिवस तो माझी नजर चुकवत होता. "माह्यामुळं बक्षीस गेलं तुझं," तो म्हणाला. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, पुढच्या वर्षी बाजा सांगशील तेव्हा मोहरीवाला हाच ठेव. तेव्हा कुठे तो हसला.

पुण्यात ऋचा घ्यायला आली. बॅग गाडीत टाकताना तिनं काळजीनं विचारलं, "काय झालं गं?"

"बाद झाले."

तिनं हळूच माझ्या काखेतल्या हेल्मेटकडे हात केला. "दे, मी ठेवते माळ्यावर."

"मागच्या सीटवर ठेव," मी म्हटलं. "रविवारी लागणार आहे."