मागची सीट

गल्लीत तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. कपडे अल्टर करण्याच्या दुकानात ती मशीनवर बसायची आणि गिऱ्हाइकाने उगाच खुसपट काढलं, की पँट त्याच्या हातात ठेवून दार दाखवायची. अशी बाई सरकारी माणसासमोर एकदाच गप्प बसली आणि ते तिला महागात पडलं.

तिचा लेक ऑटिस्टिक. पंचविशीचा, उंचापुरा, मोजकं बोलणारा. त्याचा अपंगत्व भत्ता चालू ठेवायचा का, ते बघायला खात्याची बाई घरी आली. अपंगांसाठीच्या कामाच्या केंद्रात त्याला रोज कोण सोडतं, असं तिने विचारलं. ‘एकटा जातो,’ लेकाने ताठ मानेने सांगितलं आणि तोफेने नुसती मान हलवली. खरं काय ते सांगायचं, तर लेकासमोरच सांगावं लागलं असतं आणि तेच तिच्या जिवावर आलं. तो बसच्या पुढच्या दाराने चढला, की ही मागच्या दाराने चढायची. डोक्याला रुमाल, अंगात दुकानातून कुणी परत न नेलेला कोट. बस भलत्याच रस्त्याने वळली किंवा कुणाचा धक्का लागला, की लेक कान दाबून खालीच बसायचा. मग ही ‘अरे, तू इथे कसा?’ करत योगायोगाने भेटायची. असले योगायोग आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हायचे.

भत्ता बंद झाला. कारण काय, तर मुलगा स्वतंत्र प्रवास करतो. भत्त्यातूनच केंद्राची फी जायची. भत्ता गेला म्हणजे लेक घरात, भिंतीकडे तोंड करून. तिने अपील ठोकलं.

मामाने, म्हणजे तिच्या भावाने, शहाणपण शिकवलं, की सुनावणीला त्याचा आवाज अडवणारा हेडफोन घरी ठेव, चार लोकांत बिथरला की काम फत्ते.

“माझ्या पोराचा तमाशा करून मला काही नको,” ती म्हणाली. लेकाचा शर्ट तिने मानेवरचं टोचरं लेबल उसवून इस्त्री केला आणि हेडफोन त्याच्या गळ्यात अडकवला.

सुनावणीच्या खोलीत ट्यूबलाइट गुणगुणत होती. लेकाचे हात कानांकडे जायला लागले, तशी ती उठली आणि तिने बटण बंद केलं. शिपाई म्हणाला, असं चालत नाही. खिडकी मग कशाला केलीय, असं विचारून ती जागेवर बसली. समोरचे सगळे मुकाट्याने उजेडाकडे सरकले.

खात्याच्या माणसाने जुना अहवाल वाचला. अध्यक्षबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तेव्हा मान तुम्हीच हलवली होतीत, मग खरं काय? हवं तर मुलाला बाहेर बसवू, असंही त्या म्हणाल्या.

“मी इथेच बसणार,” लेक म्हणाला.

भत्ता राखायचा तर लेकाचा ताठा मोडायचा, आणि तोही त्याच्या तोंडावर. ती अध्यक्षबाईंकडे न बघता लेकाकडे वळली. “राजा, तू एकटा जात नाहीस. मी मागे असते. रोज. मी तुला फसवलं.”

“माहीत आहे,” लेक म्हणाला. “कधी तपकिरी कोट, कधी हिरवा. तपकिरी तुला मोठा होतो. तुला एकटीला बसने जायला जमत नाही. म्हणून मी दारात थांबतो. तू चढलीस की आत जातो.”



“आणि आई आली नाही तर?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“मग मी चढत नाही. ती आजारी होती तेव्हा मामा स्टॉपवर सोडून गेला. मी तिथेच बसलो. संध्याकाळी मामा आला.”

त्या दिवशी मामाने त्याला बसमध्ये चढवल्याचं छातीठोक सांगितलं होतं. आता तो मागच्या खुर्चीवर बसून बुटांकडे बघत होता.

खात्याचा माणूस पुढे झुकला. म्हणजे त्याला स्टॉप कळतो, माणसं ओळखता येतात, मग...

“त्याला सगळं कळतं,” तोफ म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी शिपाई दाराशी थबकला. “कळत नाही असं माझ्याकडून वदवून घ्यायचं असेल, तर भत्ता तुमच्याकडेच ठेवा. त्याला एकट्याला जमत नाही, एवढंच म्हणणं आहे. त्याची लाज ना त्याला, ना मला.”

भत्ता पुन्हा सुरू झाला. मामाला आठवडाभर खडे बोल ऐकावे लागले, ते वेगळंच.

निकालानंतरच्या सकाळी तिने कोट दुकानातच ठेवला, रुमाल घरी ठेवला आणि पुढच्या दाराने चढून राजरोस लेकाशेजारी जाऊन बसली. त्या बसमध्ये प्रथमच. तिला रडू येईल असं वाटत होतं.

लेक खिडकीतून बाहेर बघत होता. “मागे बस,” तो म्हणाला. “तुझी सीट मागची आहे. मी बघतो तुझ्याकडे.”

कुणाच्या बापाचं न ऐकणारी ती बाई निमूटपणे उठली आणि मागे गेली. शेवटच्या सीटवर एक गृहस्थ पेपर उघडून ऐसपैस बसले होते. त्यांना तिने उठवलं.