लोणारच्या सहलीचं समीकरण

१४ डिसेंबर २०२३. लोणारच्या सहलीला गाडीभाडं लागलं तीन हजार सहाशे रुपये. दुसऱ्या दिवशी इंद्रभान सरांनी त्याचंच गणित फळ्यावर घातलं.

ही त्यांची जुनी खोड. जानेफळच्या बाजारामागे, टिनाच्या खोलीत, ते एकवीस वर्षं दहावीचं बीजगणित शिकवत होते. शाळेत नोकरी कधी लागली नाही. पण पुस्तकातले हौद आणि आगगाड्या सोडून ते पोरांच्याच विहिरी, पोरांच्याच मोटारसायकली उदाहरणात आणत. म्हणून छेदात क्ष आला तरी त्यांची पोरं दचकत नसत. पूनमवर त्यांचा विशेष जीव. उत्तर आलं की छेद शून्य तर होत नाही ना, हे न सांगता तपासणारी ती एकटीच. घरातून दहावीला बसणारीही पहिलीच.

"दोघं गळाले, म्हणून बाकीच्यांना माणशी वीस रुपये जास्त पडले. आधी किती जण ठरले होते?"

दीपकने दोन्ही छेदांनी गुणून छेद घालवले. क्ष² − २क्ष − ३६० = ०. अवयव पडले, उत्तरं वीस आणि उणे अठरा.

"सर, हे उणे अठरा पोट्टे गाडीमांगं पयत आले असतीन!"

वर्ग हसला. सरही हसले, आणि त्याच भरात विचारून बसले, "बरं, आपले वीस रुपये कोणामुळे वाढले?"

गोविंदा तापाने पडला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उरली पूनम. मामाच्या गावाला जायचंय, असं तिने सांगितलं होतं.

"मामाकडे कायची जाते, सर! काल गाडीतून म्या तिले लोकाच्या वावरात मजुरीनं कापूस येचतानी पाह्यलं," मागून एकजण बोलला.

सगळ्या माना वळल्या. पूनमने वही मिटली.

चार दिवस ती आली नाही, तेव्हा सर तिच्या घरी गेले. आई तानुबाई दारातच उभी राहिली.

"ताई, चूक माही झाली. परीक्षेले तरी बसू द्या तिले."

"म्या काय कमी समजावलं? म्हंते, सरांनं मले फळ्यावर मांडलं. आता कोणतं तोंड घिऊन जाऊ?"

आत पूनम पाठमोरी बसली होती. सरांनी दोनदा हाक मारली. ती वळली नाही.

मार्चमध्ये परीक्षेच्या खोलीत तिचा बाक रिकामा राहिला.

जानेवारीची आगाऊ फी तीनशे रुपये तानुबाईने, सर घरी गेले त्याच दिवशी, परत मागितली होती. सरांच्या खिशात दोनशे साठ निघाले. चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.