झाकण लावून काढलेला फोटो

स्पष्टच सांगतो, या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. खाली कॉमेंटमध्ये थट्टाही केली आहे. अंबडला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. जे मोजता येत नाही ते नाहीच, हा माझा खाक्या. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तरी चालेल.

छंद आकाशाच्या फोटोंचा. बरीच वर्षं एका नेब्युलाच्या, म्हणजे अंतराळातल्या वायूच्या ढगाच्या, मागे होतो — रोझेट. मृग नक्षत्राच्या शेजारी, फुलासारखी, मध्ये पोकळ, पण इतकी फिकट की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. आमच्या पाथर्डी फाट्याच्या गच्चीवरून तर विसराच... धूळ, धुरकं, रस्त्याचे दिवे. चांदवडकडच्या डोंगरात जाऊन काढायची, असं मी आणि माझी बायको मेधा दर हिवाळ्यात ठरवायचो. मग मेधाचं दुखणं निघालं. या जानेवारीत डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा. घरी म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

"अहो, ते तुमचं फूल बघायचं राहिलंच की," ती एका संध्याकाळी म्हणाली. "गच्चीवरून लावून तरी बघा. मी कुठे पळून चाललेय?"

लावली दुर्बीण. धुरक्यातून मृगाचे मोठे तारेसुद्धा जेमतेम दिसत होते. फोटोमागून फोटो — नुसता मातकट चिखल. शेवटी नाद सोडला. सवयीने दुर्बिणीला झाकण लावलं आणि डार्क्स लावून दिल्या. डार्क्स म्हणजे झाकण लावून काढलेले काळे फोटो. त्यात फक्त कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष उमटतात, ते नंतर खऱ्या फोटोतून वजा करायचे. मेधाला याचं भारी हसू यायचं. "झाकण लावून फोटो काढणारा नवरा मिळालाय मला!" असं येईल त्याला सांगायची.

सकाळी तिच्या पलंगाशी बसून फायली उघडल्या. उघड्या आकाशाच्या फोटोंत चिखलच. आणि डार्क्समध्ये... रोझेट होती. प्रत्येक फ्रेममध्ये. लालसर पाकळ्या, मधली पोकळी, टाचणीच्या टोकाएवढे तारे. लॅपटॉप मेधाकडे वळवला.

तिने पडद्यावरच्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं. "आली की हो," एवढंच म्हणाली.

झाकण पत्र्याचं, घट्ट. सकाळीही जागेवरच होतं. आकाशाचे फोटो काढणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राला फायली पाठवल्या. "अरे, फायलींची अदलाबदल झाली असेल तुझी," तो म्हणाला. कशाशी अदलाबदल? असा फोटो माझ्याकडे कधी नव्हताच. फटीतून प्रकाश शिरला म्हणावं, तर त्याने नुसता पांढुरका डाग पडतो. नंतर कितीदा तरी तसंच झाकण लावून फोटो काढून पाहिले. काळेच.

खरं सांगू? मला भीती नाही वाटली. आशा वाटली. हे होऊ शकतं, तर तेही होईल... वेड्यासारखा डॉक्टरांच्या मागे लागून तिच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करायला लावल्या. रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आले. होळीच्या आधी मेधा गेली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणी दिलं, तरी आता त्याचा मला उपयोग नाही. जे कोणी ऐकत होतं, त्याने तिचं ऐकलं. तिने फोटो मागितला होता. मी तिलाच मागत होतो.