जोडीचं पुस्तक

महाडच्या आमच्या वाचनालयात मागितलेलं पुस्तक कधी एकटं मिळायचं नाही. तिथं पुस्तकं देणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणत. मी तेव्हा जागतिकीकरणाविरुद्ध पत्रक लिहीत होतो. त्यानं गरीब देश कसे नागवले, याचं पुस्तक मागितलं की आपा जागतिकीकरणाचे गोडवे गाणारं दुसरं एक त्यावर ठेवायच्या आणि दोन्ही ओढणीनं पुसून पुढं सरकवायच्या.

"आपा, हे नकोय मला."

"नको तर नको वाचू. घेऊन तर जा. हात काय मोडतोय रे?"

पत्रक छापून आलं. पार पोलादपूरपर्यंत वाटलं, वाचनालयाच्या टेबलावरही ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर शेजारी तेच गोडवे गाणारं पुस्तक! माझं डोकं फिरलं.

"आपा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

आपांनी चष्मा काढला. "माझा एक भाऊ कुवेतला हाय, त्याच्या पैशावर घर उभं राहिलं. दुसऱ्याचा कारखाना बाहेरच्या स्वस्त मालापायी बंद पडला. ईदला दोघं एका ताटात जेवतात. त्यातल्या कुणाला उठवू, सांग?"

पत्रकातला एक शब्दही मी आजवर मागं घेतलेला नाही, घेणारही नाही. पण आपा निवृत्त झाल्या, आणि आता मागितलेलं पुस्तक मुकाट्यानं मिळतं, एकच. ते हातात आल्यावरही मी टेबलापाशी जरा वेळ उभाच राहतो.