हाइसुलच्या अंगणातली डोंगररांग

हाइसुलने स्वप्न विकलं, असं त्या वर्षी वादळांचा मोसम सरता सरता आमच्या गावात लोक कुजबुजत होते. कुणाला विकलं, तर नदीपलीकडच्या वाटाड्यांना. केवढ्याला, यावर मात्र एकमत नव्हतं. सकाळी सुपारीच्या टपरीवर मी ऐकलं तेव्हा भाव एका डुकराचा होता. दुपारी चर्चच्या पायऱ्यांवर पोचेपर्यंत डुकराची जुनी तीनचाकी गाडी झाली, आणि संध्याकाळी त्या गाडीला नवे टायर लागले. टायर कुणी लावले ते विचारू नका.

आमच्याकडे डोंगरात शिरायचं तर पुढे चालणाऱ्याने आदल्या रात्री काय दिसलं ते निघायच्या सकाळी सगळ्यांसमोर सांगायचं असतं. स्वप्नात कुणी काही आणून दिलं, पाहुणा पोटभर जेवला, की पिशव्या उचला. दात पडला, घर कोसळलं, की पिशव्या खाली. शिवाय निघताना कुणी शिंकलं किंवा वारा सोडला तरी थांबायचं. मागे एकदा शहरातल्या एका जाड्या पाहुण्याने अगदी फाटकाशी तो सोडला आणि वर ‘मी नाही’ म्हणाला. सगळे परत अंगणात येऊन बसले. रताळी मी त्याला आदल्या संध्याकाळीच खाऊ नको म्हटलं होतं.

तर हाइसुल हा आमचा सगळ्यांत जुना वाटाड्या. बुटका, रुंद, कपाळावर ओझ्याच्या पट्ट्याने पडलेली खाच इतकी खोल की त्यात पावसाचं पाणी थांबावं. त्याची स्वप्नं खरी निघत. एकदा त्याने चुलीत पाणी शिरलेलं पाहिलं आणि सगळ्यांना घरी बसवलं. दुसऱ्याच दिवशी वरची अख्खी दरड खाली आली. एकदा झोळीची शिवण उसवलेली दिसली, तर म्हणाला, जायचं, पण ओढ्याच्या वाटेने नको. ओढ्यावरचा झुलता पूल तुटलेला निघाला. चुली, झोळ्या, उतू जाणारी पेज, अशीच असायची त्याची स्वप्नं. आम्ही टपरीवर हसायचो की इतर वाटाड्यांना स्वप्नात हरणं दिसतात, अस्वलं दिसतात, ह्याला भांडी दिसतात. पण हसून झालं की त्याच्याच मागे चालायचो.

त्याच्या मनात एक गोष्ट होती आणि ती गावाला पाठ होती. मधल्या रांगेची लांब धार त्याने तुकड्या-तुकड्याने सगळी पाहिलेली. ह्या सोंडेने चढ, त्या खिंडीतून उतर, कुणाला तरी शिखर दाखव आणि परत ये. आमच्या बाजूने चढून, माथ्यामाथ्याने सलग चालत जाऊन, पूर्वेच्या उतारावर पाय ठेवायचा, हे मात्र कधी झालं नव्हतं. गुडघे कुरकुरायला लागले होते. ओझेवाल्यांचं ठरलंच होतं की या मोसमानंतर पुढची जागा त्याचा पुतण्या आझिमान घेणार. म्हणजे सलग चालायचं तर हीच वेळ.

आणि ती वेळ शिए बाईंनी आणली. शिए बाई ताइचुंग शहरातल्या. औषधांचं दुकान सुनेच्या हाती देऊन डोंगरांच्या मागे लागलेल्या, बारीक अंगाच्या, स्वच्छ बोलणाऱ्या. त्यांच्या गिर्यारोहण मंडळाला हीच धार हवी होती. उन्हाळाभर त्या रविवारी यायच्या आणि हाइसुलच्या अंगणात दोघं बसायचे.

बाईंकडे नकाशा होता. हाइसुलला तो वाचता येत होता, पण त्याचं म्हणणं असं, की कागदावर डोंगर झोपलेला असतो. त्याने डुकरं बांधायचा जाड दोर अंगणभर वेडावाकडा पसरला. ती झाली धार. शिखरांच्या जागी दगड, मुक्कामाला सुपाऱ्या, पाण्याला बाटल्यांची झाकणं. झाकणं फार थोडी होती. माथ्यावर झरे नसतात. पावसाची तळी असतात, आणि ऊन लागलं की तीही चिखल होतात.

“इथे तळं आटलेलं असलं तर?” बाई विचारायच्या.

“तर ह्या सोंडेने खाली ओढ्यापर्यंत उतरायचं, पाणी घेऊन परत वर यायचं. त्यात दिवस जातो.”

“म्हणजे एक दिवस जादा धरू.”

“दोन धरा बाई. एक पाण्याचा, एक धुक्याचा. दुपारनंतर वर हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. आणि तुमचा तो चहाचा डबा कमी करा. डोंगराला चहा लागत नाही.”

“मला लागतो, दादा. तुमची राळ्याची दारू कमी करा.”

“ती औषध आहे.”

“औषधांचं दुकान माझं होतं,” बाई म्हणायच्या, आणि हाइसुल तोंड फिरवून सुपारी चघळायचा.

असं सगळं छान चाललं होतं. फक्त अंगण हाइसुलचं एकट्याचं नव्हतं. लांगुई, म्हणजे त्याची बायको, उन्हाळ्यात तिथे वाल सुकत घालते. तिच्या आईनेही तिथेच घातले होते. ह्या उन्हाळ्यात तिथे मधली रांग पसरलेली. तिने वाल छपरावर नेले, तिथे माकडं आली. तिने घराच्या मागे नेले, तिथे सावली. कोंबडी तिसऱ्या मुक्कामावर बसली म्हणून हाइसुलने कोंबडीला हाकललं, तेव्हा लांगुई दारातून म्हणाली, “तिला तरी बसू दे. ती अंडं देऊन उठेल. तू काय देऊन उठणार आहेस?” मी कुंपणापलीकडेच होतो. मी नेहमी तिथेच असतो.

तरी इथपर्यंत ती बोलत होती.

निघायच्या दोन दिवस आधी बाईंची मंडळी आली. अंगणात डुक्कर भाजलं, दारू निघाली. शहरातला एकजण म्हणाला, “हाइसुल दादा, तुमच्या स्वप्नांबद्दल फार ऐकलंय. घरातल्या बाकीच्यांनाही पडतात का अशी?”

हाइसुलच्या पोटात तेव्हा बरंच औषध गेलेलं होतं. तो म्हणाला, “डोंगराचं स्वप्न ही पुरुषाची गोष्ट. बायकांना काय दिसणार? कोबी आणि डुकरं.”

सगळे हसले. मीही हसलो, माझी बायको ऊली मात्र हसली नाही. आतून पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला. त्यानंतर पाहुण्यांना मीठ हवं होतं ते मागूनही आलं नाही.

निघायची सकाळ. आकाश धुतलेल्या ताटासारखं, नदी उतरलेली. ओझी बांधून भिंतीला टेकवलेली. सगळे गोल उभे राहिले आणि आझिमानने रीतीप्रमाणे विचारलं, “तामा, काय दिसलं?” तामा म्हणजे आमच्याकडे बापही आणि काकाही.

हाइसुल आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काही नाही.”

असं उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. चांगल्याला रीत आहे, वाईटाला रीत आहे. ‘काही नाही’ला रीतच नाही. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले.

“मग माझं घ्या,” आझिमान म्हणाला. “मला सासूबाई दिसल्या.”

“काय करत होत्या?”

“आपल्याबरोबर यायला निघाल्या होत्या.”

“ते वाईट,” एक ओझेवाला म्हणाला, आणि थोडं हसू झालं.

शिए बाई हसल्या नाहीत. “दादा, ढग नाहीत, नदीला पाणी कमी आहे. आपल्याकडे दोन दिवस जादा आहेत, पण ते वरच्यासाठी ठेवलेत. इथे घालवले तर वर एकही उरणार नाही. ते संपले की डोंगराच्या परवान्याची तारीखही संपते.”

“ठाऊक आहे, बाई.”

“मग?”

“आज नको.”

त्याला एखादं स्वप्न रचून सांगता आलं असतं. पाहुणा आला, रताळं दिलं, एवढं म्हणायला काय लागतं? पण तो रचेना. आझिमानने त्याला बाजूला घेतलं. कुंपणाशी घेतलं, म्हणजे माझ्यापाशीच.

“तामा, एवढा उन्हाळा घातलात. काहीतरी सांगा आणि चला. कोण तपासणार आहे?”

“वर गेल्यावर तपासलं जातं,” हाइसुल म्हणाला. “माझ्यामागे तू असतोस.”

दुसऱ्या सकाळीही तेच. काय दिसलं? काही नाही. धुक्याचा दिवस गावातच खर्च झाला, आता पाण्याचा चालला होता. ओझेवाले ओझ्यांवर बसून पत्ते खेळत होते. भाव डुकरावरून गाडीवर गेला तो त्याच दिवशी. नदीपलीकडचे वाटाडे म्हणे पुढच्या मोसमात बाईंचं मंडळ आपल्याकडे ओढायला बघतायत, आणि त्यासाठी हाइसुलला घरी बसवून ठेवलंय. ज्याचा जन्म डोंगरात गेला त्याला स्वप्न पडत नाही, हे कोण मानणार? काही म्हणाले, घाबरला. काही म्हणाले, गुडघा. बहुतेकांना गाडीच आवडली.

 शिए बाईंनी मात्र सगळ्यांसाठी चहा केला. डबा कमी केलेला नव्हताच.

दुपारी हाइसुल अंगणात आला आणि त्याने रांग गुंडाळायला सुरुवात केली. गुडघा वाकेना म्हणून एका हाताने जमीन धरून, दक्षिणेच्या टोकापासून. दगड उचलून भिंतीशी लावले, सुपाऱ्या खिशात घातल्या, झाकणं गोळा केली, आणि दोर खांद्यावर टाकून गोठ्यात नेला. मग खराट्याने अंगण झाडलं. झाडताना पाणी शिंपडून, कोपऱ्यापर्यंत. लग्न झाल्यापासून त्याच्या हातात खराटा मी पाहिला नव्हता. आझिमान बघत उभा होता. “संपलं म्हणजे,” तो हळूच म्हणाला आणि आपल्या ओझ्याची दोरी सोडायला गेला.

हाइसुलने घरामागून वालाच्या टोपल्या आणल्या. चटई टाकून वाल पसरले, हाताने सारखे केले. मग उंबऱ्याच्या बाहेर, दाराकडे पाठ करून बसला.

बऱ्याच वेळाने लांगुई बाहेर आली. तिने वाल पाहिले, एक चिमटीत घेऊन दाताने तोडून बघितला.

“ओले आहेत अजून,” ती म्हणाली. “संध्याकाळी उचलू नकोस.”

“नाही उचलत.”

“आणि दाट घातलेयस. विरळ कर.”

तो उठला आणि विरळ करू लागला. ती आत गेली. त्या दिवशी एवढंच बोलणं मला ऐकू आलं, आणि मी बराच वेळ थांबलो होतो.

तिसरी सकाळ. ओझेवाले सवयीने आले होते, आशेने नव्हे. आझिमानने विचारलं तेही तोंडातल्या तोंडात. “काय दिसलं?”

हाइसुलने घसा साफ केला. लांगुई दारात उभी होती, एक हात कमरेवर.

“कोबीचा वाफा,” हाइसुल म्हणाला.

कुणीतरी खोकलं.

“कोबीच्या वाफ्यात डुकरीण व्याली. आपण जितके जाणार तितकी पिलं. सगळी जिवंत.” त्याने क्षणभर दाराकडे पाहिलं. “आणि एकाने मधला कोबी खाल्ला, पण बाकीचे चांगले निघाले.”

हसू फुटलं ते आवरता आवरेना. ज्याने जेवणाच्या रात्री प्रश्न विचारला होता तो शहरवाला तर भिंतीला टेकून हसत होता. पण म्हातारे ओझेवाले थांबले, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना हलवल्या. सगळी पिलं जिवंत म्हणजे उत्तम. मधला कोबी गेला म्हणजे मधल्या मुक्कामावर काहीतरी कमी पडणार. पाणीच, दुसरं काय? तिथलं तळं आटलेलं धरून आदल्याच मुक्कामावरून पाणी उचलून न्यायचं, असं तिथेच उभ्याउभ्या ठरलं. सोंडेवरून खाली उतरायला आता दिवसच शिल्लक नव्हता. दारूची भांडी रिकामी केली आणि त्यांत पाणी न्यायचं केलं. औषध ओतताना भांडी हाइसुलनेच धरली. कुणी शिंकलं नाही, आणि दुसरंही काही केलं नाही. ते गेले.

मधलं तळं आटलेलं होतं. चिखलात हरणांचे खूर होते, एवढंच. उचलून नेलेलं पाणी पुरलं. वरचा वारा, ओल्या बुटक्या बांबूंतून कमरेपर्यंत भिजत चालणं, हे सगळं नंतर शिए बाईंनी सांगितलं. हाइसुलला विचारलं तर तो म्हणे, “चाललो.” पूर्वेच्या उतारावर पहिल्या दुकानापाशी त्याने गुडघ्याला फडकं बांधलं आणि घरी फोन केला. लांगुईने फोन घेतला, वाल भरून ठेवलेत म्हणाली, आणि ठेवला.

त्यानंतर पुढची जागा आझिमानकडे गेली. स्वप्न सांगण्याचं कामही त्याच्याकडे गेलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो डुकराचा एखादा चांगला तुकडा घेऊन काकाच्या घरी येतो, काकाशी दोन शब्द बोलतो आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरात बसतो. त्याच्या स्वप्नात हल्ली भांडी असतात.

ऊलीला मी विचारलं, हा तिथे काय करतो. ती म्हणाली, “तुम्हाला खरंच ठाऊक नाही?” गावातल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं. कोबी खुरपताना लांगुईने कधीच सांगितलं होतं. ठाऊक नव्हतं ते आम्हाला, टपरीवरच्या शहाण्यांना.

हाइसुलने स्वप्न विकलं नव्हतं. त्याला आयुष्यात कधी स्वप्न पडलंच नाही. पडायची ती लांगुईला, आणि ते दोन दिवस ती त्याच्याशी बोलत नव्हती.