मंत्र्यानं मांडलेलं एक ताट

मुंजाजी खुडे मंत्री झाले तवा मला इतका राग आला की इचारू नका. माझ्या कडूअक्काचे मालक ते, म्हणजे माझे दाजी. आमच्या आंध जमातीचे पंच, पन्नास गावची भांडणं मिटवणारे. सरकारनं त्यांना उपमंत्री करून हैदराबादला नेलं, अन् हिकडं आमची भांडणं जागच्या जागी कुजायला लागली.

भांडण मिटवायची आमची रीत अशी. दोघं समोरासमोर बसवायचे, मधी एकच ताट. ताटापुरतं शिजवायचं, बाकी गावात चूल बंद. दोघांनी त्या ताटात घास खाल्ला की झाला फैसला. तवर पंचानं बी जेवायचं न्हाई.

चौपन साली आमच्या चिंचखडकीवर संकट आलं. जंगलखातं म्हणे, जमीन आमची, पोळ्याच्या आत चाळीस घरं उठवा. तहसीलदार म्हणे, जमीन आमच्या खात्याची, गाव राहू द्या. त्याच्या आधीपासनं तीन वर्षं दोघांची कागदं हिकडून तिकडं पळायलती, अन् त्या चाळिसात माझं घर. मी तणतणत हैदराबाद गाठलं. बंगल्याच्या बागेत अक्कानं मेथी लावलेली, अन् दाजी धोतराखाली पायमोजे घालून फायली चाळायलते. मी लय बोललो. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, फाईल मिटली अन् जीप काढायला सांगितली. अक्का बी संगं निघाली.

दोन्ही साहेबांना गावात बोलावणं गेलं. सत्कार हाय समजून दोघं कोट घालून आले. पुढ्यात आलं एक ताट. ज्वारीची भाकर, पिठलं अन् अक्काचा ठेचा. दाजींनी त्यांना आमची रीत सांगितली. जंगलसाहेब म्हणाले, भूक न्हाई. तहसीलदार म्हणाले, आधी ह्यांना जेवू द्या, मग बघू. दाजी मांडी घालून बसले ते बसलेच.

दुपार कलली. पोरं रडायली, म्हाताऱ्या बोटं मोडायल्या. मंत्र्याचं पोट असं गुरगुरलं की जंगलसाहेबांनी दचकून मागं झाडीत बघितलं. मी तर भुकेनं असा पेटलो होतो की तहसीलदाराच्या कोटाची बटणं बी चावली असती.

शेवटी जंगलसाहेबांनीच भाकर मोडली. मग तहसीलदार कसले मागं राहतात? त्यांनी ठेच्याचा मोठा घास घेतला अन् ढसाढसा रडायला लागले. जंगलसाहेबांनी घाईघाईनं तांब्या त्यांच्या तोंडाला लावला, पाठ चोळली. दाजींनी तेवढ्यात कागद पुढं सरकवला. दोघांनी दस्तखतं केली, गाव जागेवर राहील म्हणून. चाळीस चुली एकदम पेटल्या.

बातमी हैदराबादला गेली. अधिकाऱ्यांना दिवसभर उपाशी बसवलं म्हणून दाजींचं मंत्रिपद काढून घेतलं. कागद मात्र कायम राहिला. महिन्यानं दाजी अन् अक्का ट्रंक घेऊन गावात चालत आले. माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवंना. माझ्या घरापायी त्यांचा बंगला गेला होता.

"लिंबाजी," दाजी म्हणाले, "रान राहिलं न्हवं? मग वखर काढ."

मंत्र्याला वखर धरता येतो का, म्हणून मी खेकसलो, अन् डोळे पुसत बैल सोडायला गेलो.