निष्कर्ष आधी लिहिलेली फाइल

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला एक व्यक्ती अभ्यास करावा लागतो. एक विद्यार्थी निवडायचा, त्याला वर्गात, मैदानावर आणि घरी जाऊन बघायचं, आईवडिलांशी आणि शिक्षकांशी बोलायचं, आणि तो जसा आहे तसा का आहे हे वीस पानांत लिहायचं. मानसशास्त्राच्या पुस्तकात या पद्धतीविषयी वाचलं तेव्हा मला खरोखर आदर वाटला होता. शंभर मुलांना एकच प्रश्नावली वाटून सरासरी काढण्यापेक्षा एकाच मुलाकडे महिनाभर बघत बसणं जास्त प्रामाणिक वाटलं.

हा आदर सात रस्ता चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानापर्यंत टिकला. तिथे आधीच्या वर्षांच्या फायली मिळत. मी पाच-सहा चाळल्या. सगळ्यांतली मुलं एकलकोंडी होती, सगळी पालकांच्या दुर्लक्षामुळे तशी झाली होती, आणि सगळी समुपदेशनाच्या तीन सत्रांनंतर सुधारली होती. चौथ्या सत्राची गरज कुणालाच पडली नव्हती.

"ही घ्या मॅडम," दुकानदार म्हणाला. "हिला मार्क चांगले पडलेत. समस्या तेवढी बदला, बाकी असू द्या."

मी एकतिसाव्या वर्षी बी.एड. करत होते, इतिहासात एम.ए. होते, आणि असल्या गोष्टींना हसायची मला सवय होती. हसले आणि फाइल घेतली. फक्त मांडणी बघायला.

आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या सरावासाठी, मला शहराच्या पूर्व भागातली शाळा मिळाली. तिथे रस्त्यानं चालताना दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा आवाज येतो, आणि आठवड्याभरानं येईनासा होतो. मुख्याध्यापक करमाळ्याकडचे. प्रार्थनेनंतरच्या भाषणात ते प्रमाण भाषा बोलत आणि केबिनमध्ये आपली. माझं काम ऐकून त्यांनी दहावीतली एक मुलगी सुचवली.

"ही घ्या. बोलतच न्हाय. तुमाला आयती समस्या मिळाली की."

व्यक्ती अभ्यासात नाव गुप्त ठेवतात, म्हणून तिला क्ष म्हणायचं. क्ष तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसे. प्रश्न विचारला की उभी राही, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघे आणि ओठ हलवी. आवाज येत नसे. "मोठ्यानं," म्हटलं की ओठ आणखी मोठे हलत. मुलं हसत. शिक्षक "बस" म्हणत. पहिल्या घटक चाचणीत ती गणित आणि विज्ञानात नापास झाली होती.

फाइल सादर करायची तारीख जवळ आली होती. तिच्या घरी जाणं राहिलं होतं, पण निष्कर्षाचं पान रिकामं दिसत होतं म्हणून मी ते आधी लिहिलं. 'विद्यार्थिनी अबोल असून तिची आकलनक्षमता मर्यादित आहे. सामान्य वर्गाच्या गतीशी जुळवून घेणे तिला कठीण जाते.' पहिलं वाक्य जुन्या फायलीतलं होतं. दुसरं माझं स्वतःचं, आणि ते मला आवडलंही होतं.

प्रत्येक पानावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो. शिक्का मारण्यापूर्वी व्यक्ती अभ्यास वाचणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"चांगलं लिवलंय. ह्या शेवटच्या पानाची एक झेरॉक्स द्या मला."

"कशाला सर?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. शाळेचा दहावीचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागतो. तो आपोआप लागत नाही. जी मुलं नापास होतील असं वाटतं, त्यांना ऑगस्टमध्येच शाळा सोडल्याचा दाखला देतात आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगतात. म्हणजे परीक्षेला बाहेरून बसायचं. वर्ग नाही, शिक्षक नाही. बरीचशी मुलं परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत. मुली तर नाहीच.

"आपण कुणाला काढत न्हाय मॅडम. त्यांच्या भल्याचंच असतंय. पण पालकाला दावायला कागद लागतो. आता कागद हाय."

"सर, ते मी फक्त फायलीसाठी लिहिलंय. मी अजून तिच्या घरीसुद्धा गेले नाही."

"जाऊन या की. कोण नको म्हणतंय? सोमवारी बापाला बोलावतो. दाखला लिवून ठेवतो."

झेरॉक्स त्यांनी शिपायाकडून काढून घेतली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी क्षच्या मागोमाग तिच्या घरी गेले. घर म्हणजे टॉवेलच्या एका कारखान्यामागची खोली, आणि तिथे जायची वाट कारखान्यातूनच. आत चार माग चालू होते. वडील दोन माग बघत होते, आई कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत होती. मी ओरडून माझी ओळख सांगितली. मला माझाच आवाज आला नाही. आईनं माझ्या तोंडाकडे बघून मान हलवली आणि स्टूल दाखवलं.

पंधरा मिनिटं मी त्या स्टुलावर बसले. क्ष दप्तर ठेवून आईशेजारी कांड्या भरायला लागली. वडील मागापलीकडून ओठांनी काहीतरी म्हणाले. क्षनं भराभर उत्तर दिलं, बरंच लांबलचक. आईनं त्यात भर घातली. मग तिघंही माझ्याकडे बघून हसले. माझ्या पिशवीतल्या निरीक्षण तक्त्यावर 'कौटुंबिक संवाद' असा रकाना होता आणि त्यात मी पेन्सिलीनं 'अभाव' लिहून आणलं होतं.

नंतर आईनं मला मागच्या खोलीत नेलं आणि चहा ठेवला.

"सोमवारी दाखला देणार म्हणं?"

घरी निरोप अजून गेला नव्हता. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

आईनं लेकीकडे बोट केलं. क्ष खाली बघत म्हणाली, हळू, पण चक्क आवाजात, "मुख्याध्यापक सर म्हणाले. मग तुम्ही म्हणालात, ते फक्त फायलीसाठी लिहिलंय."

"केबिनच्या बाहेर ऐकू येतं?"

वडील हात पुसत दारात आले होते. मागांपुढं वीस वर्षं काढलेला माणूस बोलतो तसे ते बोलले, म्हणजे शेजारच्या गल्लीला कळावं असे. "आवाज कशाला पायजे? काच हाय की."

मग एकेक गोष्ट कळत गेली. पोरीचा पाळणा याच मागांशेजारी होता. इथे बोलणं ऐकत नाहीत, बघतात. घसा ताणणं म्हणजे फुकटचा खर्च. क्ष वर्गात घरी बोलते तशीच बोलत होती. प्रत्येक वेळी उत्तर देत होती, आणि तिच्या ओठांकडे बघणारं तिथे कुणी नव्हतं.

"मग जरा मोठ्यानं बोलायचं ना," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोललं की भांडल्यासारखं वाटतं."

"आणि आम्ही बोलतो ते?"

"तुमचं निम्मं कळतं. तुम्ही चालत बोलता. गणिताचे सर फळ्याशीच बोलतात."

कान तपासून घ्यायला हवेत, असं मी तिथेच लिहिलं. फायलीतली ती पहिली खरी ओळ.

रविवारी सगळी फाइल नव्यानं लिहिली आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण यात मुलीची समस्या कुठंय? समस्या नसेल तर व्यक्ती अभ्यास होत नाही. आणि समुपदेशनाची सत्रं?" मी म्हटलं, एक झालं. तिनं माझं केलं. त्यांनी सादरीकरणाच्या तारखेची आठवण करून दिली आणि फोन ठेवला.

सोमवारी केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. मुख्याध्यापक, त्यांच्या शेजारी दाखल्यांचं पुस्तक घेऊन क्लार्क, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वडील, क्ष आणि मी. दाखला भरून तयार होता. फक्त वडिलांची सही राहिली होती. मी जे बघितलं ते सांगितलं. मुख्याध्यापकांनी मध्ये न बोलता ऐकलं. त्या बाबतीत ते माझ्यापेक्षा बरे होते.

"म्हंजे ती बोलती?"

"बोलते सर."

"मग बोलू दे की." ते क्षकडे वळले. "मुक्तिवेग म्हंजे काय?"

क्षचे ओठ हलले. मला त्यातलं थोडं समजलं, उरलेलं मी जुळवून सांगितलं.

"तुमी एम.ए. हाय मॅडम. उत्तर तिचं का तुमचं?"

शंका रास्त होती.

"मी सांगतो की," वडील म्हणाले.

"शिक्षण किती तुमचं?"

"चौथी."

मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला. चौथीवर संशय घेता येत नव्हता. "सांगा."

वडिलांनी खुर्ची लेकीसमोर ओढली आणि तिच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द मोठ्यानं उचलायला सुरुवात केली. "वस्तू... सरळ वर फेकली... की ज्या कमीत कमी वेगानं... पृथ्वीच्या गुरू... गुरू काय? परत म्हण. गुरुत्वा. गुरुत्वाकर्षणातनं सुटती... तो." ते मुख्याध्यापकांकडे वळले. "हे गुरुत्वाकर्षण काय असतंय सर?"

"ते राहू द्या. पुढचं."

पुढचे दोन प्रश्न झाले. एकाचं उत्तर बरोबर आलं. दुसऱ्याचं चुकलं, तेही वडिलांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. बाहेर व्हरांड्यात मुलं जमायला लागली होती. मुख्याध्यापकांनी उठून त्यांना हाकललं आणि खिडकीतून बाहेर बघतच पुढचा प्रश्न विचारला.

क्ष गप्प.

"का? आता का गप?"

"तुमी तिकडं बगून इचारलं," वडील म्हणाले.

मुख्याध्यापक वळून टेबलापाशी आले, क्षच्या समोर बसले आणि तोच प्रश्न सावकाश, एकेक शब्द सोडत पुन्हा विचारला. वडिलांमार्फत उत्तर आलं, आणि ते बरोबर होतं.

त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारले नाहीत. माझ्या निष्कर्षाची झेरॉक्स दाखल्याच्या पुस्तकाखालून काढली, घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवली. "हे तुमचं तुमाला ऱ्हाऊ द्या." मग क्लार्कला म्हणाले, "दाखला रद्द करा. हितनंच बसू दे परीक्षेला."

क्लार्कला हे आवडलं नाही. "नंबर पडलाय सर त्याच्यावर. पुस्तकातलं पान वाया. रजिस्टरला कारण दावावं लागतंय."

"लिवा की."

"काय लिवू?"

मुख्याध्यापकांनी क्षकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग छताच्या पंख्याकडे. शाळेचं चुकलं असा रकाना रजिस्टरमध्ये नसतो.

"लिवा, पालकांच्या विनंतीवरून रद्द."

क्लार्कनं दाखल्यावर लाल शाईनं आडव्या दोन रेघा मारल्या, कारण लिहिलं आणि पुस्तक वडिलांपुढे फिरवलं. त्यांनी एकेक अक्षर लावत ते वाचलं.

"आमी कवा विनंती केली?" ते म्हणाले. हेही बहुधा मैदानापर्यंत गेलं.

क्षनं त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तिचे ओठ हलले. एवढं मला आता वाचता येत होतं.

नाना, सही करा.

त्यांनी केली.